आडवा उजेड

अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्यात विष्णुपंत हेडक्लार्क होते आणि त्यांचा थोरला मुलगा चिंतामणी मुंबईच्या स्टुडिओत दिवे ओढत होता. आता हे लोकांना सांगायचं कसं? कुणी विचारलं की विष्णुपंत घसा खाकरून म्हणत, ‘इलेक्ट्रिकच्या लाइनीत आहे.’ विचारणारा खमका असला तर पुढे म्हणे, ‘म्हणजे बोर्डात का?’ मग विष्णुपंतांना एकदम घरी काहीतरी काम आठवायचं. घरात शिरल्या शिरल्या ते बायकोला म्हणजे मालिनीबाईंना ऐकवत, की चिरंजीवांनी चांगलेच दिवे लावलेत. हे वाक्य चिंतामणीच्या कानांवर इतक्या वेळा पडलं होतं, की तेवढ्यापुरतं त्याला ऐकू येईनासं झालं होतं. निदान तो तसं दाखवायचा.

इंटरला गटांगळी खाल्ल्यावर, स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी, तो एका ओळखीच्या माणसामागून दादरच्या स्टुडिओत शिरला तो तिथेच चिकटला. पहिली काही वर्षं त्याची तराफ्यावर गेली. तराफा म्हणजे सेटच्या वर दोरखंडांनी टांगलेला लाकडी माळा. त्यावर जड दिवे घेऊन माणसं वटवाघळांसारखी बसायची आणि खालून हुकूम आला की दिवा फिरवायची. उकाडा असा, की खाली यायच्या आत सदरा पिळून काढावा लागे. पण चिंतामणीला ते आवडे. वरून सगळं स्पष्ट दिसायचं. खाली पुठ्ठ्याच्या भिंती, उभे बांबू, चहाच्या किटल्या, नुसता बाजार. मग एकेक दिवा लागत जाई आणि त्या बाजारातून एक चेहरा तेवढा वेगळा होऊन वर येई.

ही करामत होती दौलतरावांची. दौलतराव जुने कॅमेरामन, मूळचे कोल्हापूरकडचे, तोंडाने फटकळ. दिवे लावताना ते एक डोळा अर्धा मिटून बघायचे, कारण फिल्मला जे दिसतं ते पुऱ्या उघड्या डोळ्याला दिसत नाही असं त्यांचं म्हणणं. या पोराला नुसते हात नाहीत, नजरही आहे, हे त्यांनी ओळखलं आणि त्याला तराफ्यावरून खाली आपल्या शेजारी आणला. मुख्य दिवा कुठला, त्याने पाडलेल्या सावल्या भरून काढणारा फिल लाइट कुठला, केसांची कड उजळून माणसाला भिंतीपासून सुटा करणारा बॅक लाइट कुठला, हे सगळं त्यांनी शिव्या देत देत शिकवलं.

एक नटी होती. वयाने उतरलेली, पण भूमिका अजून नायिकेच्याच. डोळ्यांखाली जाळं, गालावर बारीक पुरळाचे डाग. दौलतराव तिच्या बाजूला एकही दिवा ठेवू देत नसत. सगळा उजेड समोरून, तोही दिव्यापुढे मलमलीची जाळी ताणून मऊ केलेला. आडवा उजेड आला की चेहऱ्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला नि खळग्याला सावली मिळते. समोरून मऊ उजेड आला की सावलीला जागाच राहत नाही. पडद्यावर ती बाई विशीतली दिसायची. थेटरात लोक उसासे टाकत आणि चिंतामणी अंधारात बसून खूश होई, कारण ती जाळी त्याने स्वतः ताणलेली असे.

घरी हे सांगायची सोय नव्हती. ऐकणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे धाकटी बहीण वृंदा.

वृंदाला सहाव्या वर्षी देवी आल्या होत्या. त्या वेळी ती वाचली हेच खूप झालं. पण डाव्या गालावर आणि कपाळाच्या कडेला वण राहिले ते राहिले. गंमत म्हणजे याचं दुःख सगळ्या घराला होतं, तिला सोडून. ती म्हणायची, देवीने माझ्या गालावर रांगोळीचे ठिपके काढले आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, ते जोडायचे राहूनच गेले. भर दुपारी अंगणात पापड राखत बसे, केस मोकळे सोडून उन्हात वाळवी, आणि हसू आलं की मान मागे टाकून हसे. मालिनीबाई आतून ओरडत, ‘अगं, सावलीत बस.’ तिला वाटे, आई उन्हासाठी म्हणते आहे.

स्थळं येऊ लागली तशी मालिनीबाईंची झोप उडाली. कल्याणच्या एका घरातली मंडळी बघून गेली. पत्रिका जुळते म्हणून आधी त्यांनीच कळवलं होतं, बघून गेल्यावर जुळत नाही म्हणून कळवलं. दुसऱ्या एका घराने काहीच कळवलं नाही. मालिनीबाई देवापुढे बसून रडल्या आणि वृंदाने उरलेले पोहे आवडीने संपवले. आईला म्हणाली, एवढं खोबरं घातलंस, वाया कशाला घालवायचं.

आणि मग बदलापुराहून, कुळगावातून विचारणा आली. मुलगा शरदचंद्र, अंबरनाथलाच दारूगोळ्याच्या नव्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. सरकारी नोकरी, निर्व्यसनी, घरी फक्त आई. त्याच्या मामांनी विष्णुपंतांना रस्त्यात गाठून बोलणं काढलं. असं स्थळ चालून येतं म्हणजे काय, विष्णुपंतांचा विश्वासच बसेना. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी चिंतामणीकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी सरळ पाहिलं.

‘तुम्ही लोक त्या बायांना गोऱ्यागोमट्या करता म्हणतात,’ ते म्हणाले. ‘आपल्या घरी काही करता येतं का बघ.’

बस्स, एवढंच म्हणाले आणि ताकभात कालवू लागले. पण चिंतामणीला काय झालं म्हणून सांगावं. इतकी वर्षं ज्या धंद्याचं घरात नाव निघत नव्हतं, त्याच्याकडे बापाने आज काहीतरी मागितलं होतं. त्याच्या अंगात वारं शिरलं.

दुसऱ्याच दिवशी तो उल्हासनगरला कॅम्पात गेला. निर्वासितांच्या बराकींपुढे तेव्हा बाजार नुकता बाळसं धरत होता आणि मागाल ती वस्तू तिथे मिळायची. एका सिंधी दुकानदाराकडून त्याने पातळ पांढरी मलमल घेतली, दुसऱ्याकडून चकचकीत रुपेरी कागद. ‘घर में शादी है, साईं?’ दुकानदाराने विचारलं. ‘होनेवाली है,’ चिंतामणी म्हणाला आणि सगळ्या वाटेने स्वतःशीच हसत आला.

बाहेरच्या खोलीला पश्चिमेची एकच मोठी खिडकी. मंडळी चारच्या सुमारास येणार, म्हणजे ऐन कडक उन्हाची तिरीप आत येणार. चिंतामणीने खिडकीला मलमल ताणून बांधली. पाहुण्यांच्या खुर्च्या खिडकीकडे पाठ करून मांडल्या आणि मुलीची खुर्ची त्यांच्यासमोर, खिडकीकडे तोंड करून. स्वयंपाकघराच्या दारातून बाजूने उजेड येत होता, ते दार लावून टाकायचं ठरवलं. प्लायवूडच्या फळीला रुपेरी कागद चिकटवून ती चौरंगाआड अशी टेकवली, की खिडकीतून आलेला उजेड तिच्यावरून हनुवटीकडे परतावा. आईने काढून ठेवलेलं हिरवंगार लुगडं रद्द केलं आणि फिकट रंगाचं पातळ नेसायला सांगितलं. स्टुडिओत करतात तशी आदल्या दिवशी त्याच वेळेला रंगीत तालीम घेतली.

वृंदा खुर्चीवर बसली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. दादा एक डोळा मिटून बघतो, पुढे येतो, हनुवटी बोटाने वर करतो, मागे जातो, मान डोलावतो. ‘हे सगळं कशाला रे?’ तिने विचारलं.

इथे चिंतामणीने गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसवेल तर तो कारागीर कसला? त्याने कोनाड्यातला हाताचा आरसा आणून तिच्या हातात दिला. स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि तिला खांद्याला धरून आडवी वळवली.

‘हे बघ. आडवा उजेड आला की वणांना सावली मिळते, म्हणून ते दिसतात. प्रत्येक वण वेगळा दिसतोय बघ. हा इथला सगळ्यात खोल.’ मग दार लावून त्याने तिला खिडकीकडे वळवली. ‘आता बघ. गेले.’

वृंदाने आरशात पाहिलं. पुन्हा आडवी होऊन पाहिलं. मग पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. तिचं बोट गालावर एका जागी जाऊन थांबलं. चिंतामणीला वाटलं, पोरगी थक्क झाली. तोही त्या कौतुकात न्हाऊन निघाला. त्या क्षणी आपण काय करून बसलो हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. ज्या चेहऱ्याशी तिचं इतकी वर्षं काही भांडण नव्हतं, तो त्याने तिला खळगा खळगा मोजून दाखवला होता, आणि तोही मायेने.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. शरदचंद्र, त्याची आई आणि मामा. वृंदा पोहे घेऊन आली, सांगितल्या जागी बसली, सांगितल्याप्रमाणे मान किंचित वर ठेवली आणि सगळा वेळ तशीच ठेवली. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, स्वेटर विणता येतो का विचारलं. शरदचंद्र एकदोनदा खिडकीकडे वळून पाहत होता, जणू ते कापड काढलं तर बरं असं त्याला वाटत असावं. त्याने विचारलं काही नाही. आठवड्याच्या आत होकार आला. विष्णुपंतांनी शेजारच्या चार जणांसमोर चिंतामणीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, आमचा मुलगा सिनेमाच्या प्रकाशयोजनेत आहे. प्रकाशयोजना हा शब्द त्यांनी कुठून पैदा केला कुणास ठाऊक.

लग्न झालं, वृंदा कुळगावला गेली. अंबरनाथहून एकच स्टेशन, पण दादाचं कामच असं, की शूटिंग लागलं की दिवस-रात्रीचा पत्ता नसे. सणावारी तो जायचा. घर छान होतं, मागे मोकळी जागा, पलीकडे शेतं. सासू लग्नानंतर लवकरच गेली, म्हणजे घरात राजाराणी दोघंच. खिडक्यांना पांढरे पातळ पडदे होते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा चिंतामणीला बरं वाटलं. बहिणीला घर सजवण्याची हौस आली, असं त्याने येऊन आईला सांगितलं.

अशा बारीक गोष्टी त्याच्या लक्षात येत गेल्या आणि त्याने त्या सोडून दिल्या. वृंदा नेहमी खिडकीकडे तोंड करून बसे. कुणी बाजूला येऊन बसलं, की तीही खुर्ची वळवून घेई. दुपारी मागच्या अंगणात जायचं तर पदर डाव्या गालावरून ओढून घेई. पापड तिच्या घरी गच्चीत वाळत, पण ते राखायला मोलकरीण विठा बसे. आणि हसायची ती ओठांतल्या ओठांत. चिंतामणीने मनाची समजूत घातली, की बायका लग्नानंतर पोक्त होतात.

तिसऱ्या वर्षीची भाऊबीज. दिवेलागणीला वृंदाने पाट मांडला, चिंतामणी टोपी घालून बसला. शरदचंद्र ओसरीवर पेपर वाचत होता. तिने तबक घेतलं, कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि ओवाळायला लागली. लहानपणापासून ती ओवाळायची तेव्हा तबक छातीशी धरून, निरांजनाचा उजेड सगळा तोंडावर घेऊन, मध्येच त्याला जीभ दाखवत ओवाळायची. आज तबक तिने हात लांब करून धरलं होतं, कमरेच्याही खाली. इतकं लांब, की तिचे हात थरथरत होते. मान मागे घेतलेली, चेहरा अंधारात.

चिंतामणीला ते कळायला क्षणही लागला नाही. खालून आलेला उजेड सगळ्यांत वाईट, हे त्याला दौलतरावांनी शिकवलं होतं. वृंदाला कुणी शिकवलं नव्हतं. एका तालमीवरून तिने पुढचं सगळं स्वतः जमवलं होतं. त्याने खोलीभर नजर फिरवली. तिच्या बसण्याची जागा, खिडक्यांचे पडदे, लावून घेतलेलं माजघराचं दार. जे त्याने एका दुपारपुरतं केलं होतं, ते ही पोर रोज उठून करत होती. त्याने तिच्याकडे न पाहताच तबकात ओवाळणी घातली.

शरदचंद्र त्याला स्टेशनवर सोडायला आला. सरळ, अबोल माणूस. पुलाजवळ आल्यावर तो थांबला.

‘चिंतामणराव, एक विचारू का? राग मानू नका.’

‘विचारा ना.’

‘वृंदाचं लग्न तिच्या मनाविरुद्ध झालं का?’

तसं काही नाही, असं चिंतामणी कसंबसं म्हणाला. शरदचंद्र मान खाली घालून बोलत राहिला. त्याने वृंदाला बघायला येण्याआधीच पाहिलं होतं. अंबरनाथच्या देवळात, शिवरात्रीच्या जत्रेत, टळटळीत दुपारी. बायकांच्या रांगेत कुणाच्या तरी चपलांची अदलाबदल झाली होती आणि ही एवढी हसत होती, की पुढच्या मागच्या सगळ्या बायका हसू लागल्या. चौकशी केली, घर कळलं, मग त्यानेच मामांच्या मागे लागून त्यांना पाठवलं.

‘वण तेव्हाच दिसले होते,’ तो म्हणाला. ‘उन्हात उभी होती, न दिसायला काय झालं? मला त्याचं काही वाटलं नाही. एकदा तिला तसं सांगायला गेलो, की वणांचं माझ्या मनात काही नाही, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग मी विषयच काढला नाही. पण ती जत्रेतली मुलगी माझ्या घरी आलीच नाही हो. जी आली ती माझ्यासमोर सारखी जपून असते. मला वाटतं, मी तिला आवडत नसेन.’

गाडीची घंटा झाली. सांगायचं तर तेवढ्यात दोन वाक्यांत सांगून झालं असतं. आरसा मी दिला, दार मी उघडलं. चिंतामणी एवढंच म्हणाला, ‘लहानपणापासून लाजाळूच आहे ती.’ हे बोलताना त्याला स्वतःची किळस आली. लाजाळू हा शब्द वृंदाला उभ्या आयुष्यात कुणी लावला नव्हता.

त्यानंतर स्टुडिओत त्याचं चित्त लागेना. दौलतराव दोनदा खेकसले. कुठल्याशा नायिकेपुढे जाळी ताणताना त्याला हटकून कुळगावचे पडदे दिसत. शेवटी एका रविवारी सकाळी तो उठला आणि सरळ बदलापूरची गाडी धरली. शरदचंद्र वाण्याकडे गेला होता. वृंदा खिडकीसमोर बसून तांदूळ निवडत होती. तो खाली सतरंजीवर बसला आणि एकदम बोलायला लागला, मध्ये थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही म्हणून. जत्रा, चपला, तिचं हसणं, मामांना पाठवणं, सगळं सांगितलं. म्हणाला, ‘माझी चूक झाली, वृंदे. त्या खटाटोपाची काही गरज नव्हती. तू होतीस तशीच त्याला हवी होतीस.’

वृंदाचा हात सुपात थांबला होता. आपण तेव्हा हसत होतो आणि हा माणूस बघत होता, हे ऐकताना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. चिंतामणीला वाटलं, ती जत्रेतली मुलगी आली. क्षणभर खरंच आली. मग तिने एक खडा उचलून बाजूला ठेवला.

‘चूक कसली, दादा,’ ती म्हणाली. ‘खरं असेल ते. खोटं बोलत नाहीत हे. पण त्या दिवशी ते लांब उभे होते. परका माणूस, त्यांना मी हसताना दिसले असेन.’

‘त्यांना वणही दिसले होते, वृंदा. त्यांनीच सांगितलं मला.’

‘दिसले असतील. पण ते नवरा आहेत, तसंच म्हणणार. तू माझा भाऊ. माझ्या बाबतीत तुला वाईट काही दिसायला नको होतं, तरी तुला दिसलं. आणि तुझी नजर तर तयार. हा इथला सगळ्यात खोल, हे तूच दाखवलंस ना मला? तेव्हापासून माझा हात सारखा तिथेच जातो.’

यात राग नव्हता. राग असता तर चिंतामणीला बरं वाटलं असतं. आता तो जे म्हणेल ते भावाचं समजूत घालणं ठरणार होतं. तिने ज्याच्यावर विश्वास ठेवला तो तालमीतला चिंतामणी होता, आणि त्याला खोडून काढणं आजच्या चिंतामणीच्या हातात राहिलं नव्हतं.

बाहेर शरदचंद्राच्या सायकलची घंटा वाजली. वृंदा चहा ठेवायला उठली. माजघराच्या दाराशी सकाळचं ऊन आडवं पसरलं होतं. तिथे पोचण्याआधीच तिने पदर डाव्या गालावर ओढून घेतला, आणि भाऊ बघतो आहे हे आठवून आणखी थोडा ओढला.